मालेरकोटला : शेजारधर्म पिकवणारे शहर

लुधियानाच्या दक्षिणेला मालेरकोटला नावाचे शेतीभातीचे जुने शहर आहे. भारतातील पंजाबात मुस्लिम बहुसंख्य असलेले हे एकमेव शहर. 2011 च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे 1 लाख 35 हजार होती आणि त्यात दोन तृतीयांशांहून अधिक मुस्लिम होते. 1947 च्या फाळणीत पूर्व पंजाबातील गावेच्या गावे मुस्लिमांवाचून रिकामी झाली. मग हेच शहर कसे वाचले? मुले हा प्रश्न विचारतात तेव्हा आम्ही शिक्षक बहुधा एकच गोष्ट सांगून मोकळे होतो. ती गोष्ट मोलाची आहे, पण तिच्या पुढचेही सांगायला हवे.

शहराची सुरुवात एका सूफी बुजुर्गांपासून होते. शेख सद्रुद्दीन यांना लोक हैदर शेख म्हणून ओळखतात. दिल्लीचा सुलतान बहलोल लोदी याने आपली मुलगी त्यांना दिली आणि सोबत काही गावे दिली, असे परंपरा सांगते. 1454 च्या सुमारास मालेर वसले. पुढे 1657 मध्ये त्यांचे वंशज बायझीद खान यांनी शेजारी कोटला वसवला आणि दोन वस्त्यांचे मिळून एक शहर झाले. हैदर शेख यांच्या दर्ग्यावर आजही गुरुवारी गर्दी होते आणि त्या गर्दीत शीख व हिंदू भाविक मोठ्या संख्येने असतात. तिथली मोठी जत्रा तर निर्जला एकादशीला भरते!

आता ती प्रसिद्ध गोष्ट. 18 व्या शतकाच्या आरंभी सरहिंदचा मोगल अधिकारी वझीर खान याने गुरू गोविंदसिंग यांच्या दोन लहानग्या मुलांना, जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना, भिंतीत चिणण्याचा हुकूम दिला. मालेरकोटल्याचे नवाब शेर मोहम्मद खान दरबारात होते. ते स्वतः मोगलांच्या बाजूने गुरूंशी लढलेले. तरीही ते उभे राहिले. वैर बापाशी आहे, त्यात मुलांचा काय गुन्हा, असे त्यांचे म्हणणे होते. युद्धातही लहान मुलांना हात लावू नये ही इस्लामची शिकवण त्यांनी भर दरबारात मांडली. त्यांचे कोणी ऐकले नाही. मुले गेली. पण पंजाब तो आवाज विसरला नाही. 'हा दा नारा' या नावाचा गुरुद्वारा मालेरकोटल्यात आहे, तो याच आवाजाची आठवण.

याच कहाणीचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जुळतो. गुरू गोविंदसिंग यांचे निधन 1708 मध्ये नांदेड येथे झाले. बंदा सिंग बहादूर याच नांदेडहून पंजाबकडे निघाले आणि 1710 मध्ये त्यांनी सरहिंद जिंकले. वझीर खान मारला गेला. मालेरकोटला मात्र राखले गेले.

आमच्या मते गोष्ट इथे संपवली की मुलांचा गैरसमज होतो. त्यांना वाटते, एका नवाबाने एक वाक्य उच्चारले आणि तीनशे वर्षे सारे आपोआप सुरळीत चालले. तसे झाले नाही. गोहत्येच्या प्रश्नावरून चिडलेल्या नामधारी शिखांच्या जथ्याने जानेवारी 1872 मध्ये शहरावर हल्ला केला. त्यानंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी पकडलेल्या साठहून अधिक नामधारींना, बहुतेकांवर खटलाही न चालवता, इथेच तोफेच्या तोंडी दिले. 1927 मध्ये याच संस्थानातील कोठाला गावी जाचक सारा-पट्ट्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर नवाबाच्या फौजेने गोळ्या झाडल्या आणि त्यात शेतकरी मारले गेले. पूर्वजांची पुण्याई वारसांच्या जुलमाला झाकत नाही, हेही याच शहराने शिकवले.

असे असूनही 1947 मध्ये आजूबाजूला आग लागली असताना मालेरकोटल्याच्या हद्दीत कत्तल झाली नाही. भोवतालच्या भागातून जीव वाचवून आलेल्यांना येथे आसरा मिळाला. शेर मोहम्मद खानांची आठवण तर होतीच. पण आठवण तेवढी ताजी राहण्यासाठी रोजचा संबंध लागतो. तो शेत आणि बाजार यांनी जपला.

शहराभोवती मुस्लिम कंबोज आणि अराईं कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकवतात. बाकीचा पंजाब गहू आणि भाताच्या फेऱ्यात अडकला. सरकारी खरेदीचा भरवसा त्या पिकांना होता. भाताला पाणी फार लागते, म्हणून ट्यूबवेल चालत राहिल्या आणि जमिनीखालचे पाणी खोल गेले. भाजीवाल्याचे गणित वेगळे. जमीन थोडी, राबणारे हात घरचे, आणि त्याच तुकड्यातून वर्षाला दोनपेक्षा जास्त पिके. मात्र भाजीला सरकारी खरेदीचा आधार नाही. आज तोडलेली भाजी आजच विकली गेली पाहिजे. आसपासची खेडी बहुतांशी शिखांची, बाजारातले गिऱ्हाईक सर्व धर्मांचे. तिथे एक दिवस दंगल झाली तर सगळ्यांचाच माल सडतो. सलोखा हा अशा शहरात भाषणाचा विषय उरत नाही, तो रोजीरोटीचा भाग होतो.

सैन्याच्या गणवेशावरचे भरतकामाचे बिल्ले आणि शिलाई मशीनचे सुटे भाग बनवणारे कारागीरही येथे आहेत. पंजाबची उर्दू अकादमी याच शहरात आहे. 14 मे 2021 रोजी, ईदच्या दिवशी, मालेरकोटल्याला राज्याचा 23 वा जिल्हा करण्याची घोषणा झाली. त्याच्या काही महिने आधी दिल्लीच्या सीमेवर शेतकरी थंडीत बसले होते, तेव्हा मालेरकोटल्याचे मुस्लिम तिथे लंगर लावून जर्दा, म्हणजे गोड भात, वाढत होते. खाणाऱ्यांत बहुसंख्य शीख शेतकरी होते.

वाचक बंधू-भगिनींनो, ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगा. पण नवाबापाशी थांबू नका. भाजीच्या पाट्या घेऊन पहाटे बाजारात जाणाऱ्या माणसांपर्यंत ती न्या. पूर्वजांनी एक चांगले बी पेरले हे खरे, पण दर हंगामात निंदणी-खुरपणी करावीच लागते. शेजारधर्माचेही तसेच आहे.