वैमानिक नसलेली अंतराळवीर

गगनयान या भारताच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी निवडलेल्या चौघांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली. त्यांत एकही स्त्री नव्हती. निवड हवाई दलाच्या चाचणी वैमानिकांमधून झाली होती आणि आपल्याकडे स्त्रियांच्या हाती लढाऊ विमान आलं तेच मुळी २०१६ मध्ये. चाळणीची भोकंच अशी असतील तर खाली काय पडणार हे आधीच ठरलेलं असतं. मानवरहित चाचणीसाठी बनवलेल्या यंत्रमानवाला मात्र स्त्रीरूप आणि ‘व्योममित्रा’ हे नाव मिळालं, हे जरा बोचतंच. लोणावळ्याजवळच्या औंढ्यातल्या एखाद्या मुलीनं अंतराळात जायला काय शिकावं, असं विचारलं तर आजचं उत्तर एकच: आधी लढाऊ वैमानिक हो, मग चाचणी वैमानिक. हे उत्तर अपुरं आहे, आणि ते का अपुरं आहे हे अमेरिकी अंतराळवीर एलन ओचोआ यांच्या कारकिर्दीतून दिसतं.

ओचोआ यांचा जन्म १९५८ चा, लॉस एंजेलिसचा. वडिलांकडचे आजी-आजोबा मेक्सिकोतून आलेले. सॅन दिएगोत भौतिकशास्त्राची पदवी आणि १९८५ मध्ये स्टॅनफर्डची विद्युत अभियांत्रिकीतली पीएच.डी. त्यांचं काम प्रकाशाशी. एकाच नक्षीची पुन्हापुन्हा आवृत्ती असलेल्या वस्तूत, उदाहरणार्थ इलेक्ट्रॉनिक चिपमध्ये, दोष शोधायचा कसा? चौकड्याच्या लुगड्यात एखादा धागा चुकला तर तो हजार बरोबर धाग्यांत लपून जातो, तसंच हे. पण अशा नक्षीवरून आलेला प्रकाश भिंगातून नेला की नियमित भागाचा प्रकाश मोजक्या तेजस्वी ठिपक्यांत गोळा होतो आणि दोषाचा क्षीण प्रकाश सगळीकडे पसरतो. प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या खास स्फटिकाच्या मदतीनं ते ठिपके दाबले की प्रतिमेत उरतो तो फक्त दोष. या प्रकारच्या संशोधनासाठी ओचोआ यांच्या नावावर, सहसंशोधकांसह, तीन पेटंट आहेत आणि ते काम अंतराळवीर होण्याआधीचं आहे. ‘अंतराळात गेलेली पहिली हिस्पॅनिक स्त्री’ या बिरुदाखाली नेमकी हीच बाजू झाकली जाते.

अमेरिकेतही १९५९ ची अट जेट विमानाच्या चाचणी वैमानिकाचीच होती, आणि ती स्त्रियांना परस्पर बाहेर ठेवत होती. १९७८ मध्ये नासानं शास्त्रज्ञ-अभियंत्यांसाठी ‘मिशन स्पेशालिस्ट’ हा वेगळा वर्ग उघडला आणि ३५ जणांच्या त्या तुकडीत सहा स्त्रिया आल्या. वैमानिकाच्या जागेवर स्त्री निवडली जायला आणखी बारा वर्षं लागली; ती स्त्री म्हणजे आयलीन कॉलिन्स, आणि त्या व ओचोआ १९९० च्या एकाच तुकडीतल्या. स्त्रियांची पात्रता १९७८ च्या एका वर्षात अचानक वाढली असं कुणी म्हणणार नाही. बदलली ती अट.

पहिल्या उड्डाणांत जोखीम मोठी, तिथं चाचणी वैमानिकच हवेत, हा आक्षेप रास्त आहे. १९६३ मध्ये अंतराळात गेलेली सोव्हिएत अंतराळवीर तेरेश्कोवा कापडगिरणीतली कामगार आणि हौशी पॅराशूटपटू होती, हे खरं. पण तिचं यान बहुतांशी स्वयंचलित होतं, म्हणून त्या उदाहरणावर मी फार भार टाकणार नाही. गगनयानाच्या सुरुवातीच्या फेऱ्या वैमानिकांनी कराव्यात. प्रश्न त्यापुढचा आहे. २०३५ पर्यंत भारताला स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं आहे. स्थानकावर दिवस जातो तो उपकरणं, प्रयोग आणि दुरुस्तीत.

त्या कामाला ‘दुय्यम’ म्हणण्याआधी स्पार्टन-२०१ या छोट्या उपग्रहाकडे बघावं. एप्रिल १९९३ मध्ये, आपल्या पहिल्याच उड्डाणात, ओचोआ यांनी डिस्कव्हरी यानाच्या यांत्रिक हातानं तो सूर्याच्या प्रभामंडळाच्या अभ्यासासाठी बाहेर सोडला आणि काम झाल्यावर पुन्हा पकडून आणला. १९९७ मध्ये तोच उपग्रह कल्पना चावला यांनी सोडला तेव्हा तो भरकटला आणि दोघा सहकाऱ्यांना यानाबाहेर जाऊन हातांनी धरावा लागला. चौकशीत दोष निघाला तो सॉफ्टवेअरच्या रचनेत आणि ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत, चावलांचा नव्हे. असं काम किती नाजूक असतं हे यावरून कळावं. ओचोआ यांनी पुढे आणखी तीन उड्डाणं केली, आणि २०१३ ते २०१८ या काळात नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्राचं संचालकपदही सांभाळलं.

कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स यांच्यामुळे आपल्या मुलींपुढे आदर्श आहेतच, आणखी काय हवं, असाही एक सूर असतो. आदर्श आहेत, पण त्या दोघी अमेरिकेच्या दारातून गेल्या. त्यांतल्या कल्पना तर ओचोआ यांच्यासारख्याच मिशन स्पेशालिस्ट होऊन. आपल्याकडे अशा दारातून जाऊ शकतील अशी माणसं नाहीत असं मुळीच नाही. आदित्य-एल१ यानावरची, सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेत घडली, औंढ्यापासून फार तर दोन-अडीच तासांवर. लोणावळ्यातच नौदलाच्या ‘आयएनएस शिवाजी’वर जहाजांची यंत्रं सांभाळणारे अभियंते तयार होतात. दुर्बीण घडवणारी किंवा इंजिन उघडून दुरुस्त करणारी व्यक्ती अंतराळ स्थानकासाठी अर्ज करू शकेल, अशी जाहिरात निघायला हवी. आणि ती एकदाच काढून भागणार नाही. ओचोआ यांनी पहिला अर्ज केला १९८५ मध्ये. १९८७ च्या फेरीत त्या मुलाखतीपर्यंत पोचल्या आणि परत आल्या. निवड झाली ती त्यापुढच्या फेरीत, जानेवारी १९९० मध्ये.