सप्तर्षींतला झोत आणि आपली रोजकीर्द



मागच्या बैठकीत आमच्या गटाचा हिशोब जुळेना. पासबुक मार्चपर्यंत भरलेलं, रोजकीर्द एप्रिलची. दोन्ही खरी, पण तारखा वेगळ्या. मग फरक कुठे पडला ते कळणार कसं? आकाश बघणाऱ्यांचीही हीच अडचण असते.

चैत्रात रात्री उत्तरेला सप्तर्षी दिसतात. खालापूरला हायवेच्या दिव्यांमुळे अंधुक, कर्जतच्या आतल्या वाड्यांवर लख्ख. त्याच भागात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, मार्कारियन ४२१ नावाची दीर्घिका आहे. तिचा उजेड इथे यायला सुमारे ४० कोटी वर्षं लागतात. तिच्या पोटात प्रचंड कृष्णविवर आहे. त्याच्याकडे ओढल्या जाणाऱ्या द्रव्यातलं थोडं झोत होऊन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकलं जातं, आणि तो झोत आपल्याकडेच रोखलेला आहे. अंधारात कोणी तोंडावर बॅटरी मारावी तसा. अशीला ब्लाझार म्हणतात. ती मधूनच भडकते, कधी काही तासांतच. का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही.

हे भाषण तुमच्यापर्यंत आणणाऱ्या रेडिओलहरी, डोळ्यांना दिसणारा उजेड, दवाखान्यातले एक्स-रे आणि गॅमा किरण ही एकाच कुळातली भावंडं. ब्लाझार या सगळ्यांत बोलते. रेडिओलहरी ऐकायला नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ३० अँटेना आहेत, एकेक ४५ मीटर रुंद. भीमाशंकरच्या डोंगरापलीकडेच म्हणा ना. एक्स-रे हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून २८ सप्टेंबर २०१५ ला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह सोडला. त्यावरची एक दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. गॅमा किरण हवेवर आदळले की निळसर चमक उठते. ती टिपायला लडाखात हानलेला भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटरची दुर्बीण आहे.

भडका उडाला की एकमेकांना निरोप जातात, सगळ्यांनी एकाच वेळी बघायचं. एक्स-रे आणि गॅमा बरोबरच वाढले, तर ते एकाच जागच्या वेगवान कणांतून निघाले असावेत. रेडिओ काही आठवड्यांनी वाढला, तर तो झोतात पुढे, विरळ जागी. उशीर झाला की भडका विझलेला. आपण निदान बँकेत जाऊन एंट्री मारून आणतो. इथे हुकलेली नोंद मागून भरता येत नाही.

“याचा आपल्याला काय उपयोग?” एका ताईंनी विचारलं. भाकरीला नाही, हे आम्ही सरळ सांगितलं. पण त्यांची दहावीतली लेक खोडद बघायचंच म्हणून बसलीय. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे प्रदर्शन भरतं. गाडी करायचं आमचं चाललंय. मोबाइल मात्र बंद ठेवायचे. त्या अँटेना इतकं क्षीण ऐकतात की आपल्या पर्समधला फोनही त्यांना गोंगाट वाटतो.