पगार कशाने भागायचा?

४,१०६ टन. मालगाडीच्या एका पूर्ण भरलेल्या रेकमध्ये मावणारा हा माल. बीसीएनएचएल जातीचे ५८ बंद डबे, एकेका डब्यात ७०.८ टन. पन्नास किलोचं पोतं धरलं तर ८२ हजार पोती. लातूरच्या मोंढ्यातून एवढा माल रस्त्याने काढायचा तर वीस टन नेणारे २०५ ट्रक लावावे लागतील. हवेतून न्यायचा तर बोइंग ७७७ चं मालवाहू विमान एका खेपेला सुमारे १०२ टन उचलतं, म्हणजे चाळीस विमानं. डब्यांचं स्वतःचं वजन मिळवलं की इंजिन वगळून गाडी भरते ५,३१३ टन. लांबी साडेसहाशे मीटरच्या आसपास. आणि हे सगळं हाकायला इंजिनात माणसं दोन: लोको पायलट आणि असिस्टंट लोको पायलट.

नांदेडला विमानतळ आहे, लातूरलाही आहे. पण नियमित मालवाहू विमानसेवा दोन्हीकडे नाही. इथल्या पोराला माल वाहून नेणारा पायलट व्हायचं असेल तर त्याचा रस्ता आयटीआय किंवा डिप्लोमा, रेल्वे भरतीची परीक्षा आणि नांदेड, पूर्णा, परळी, सोलापूर अशा रुळांवरून जातो. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत येतो, तर लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. नियम मात्र दोन्हीकडे एकच.

या वाटेवर गर्दी किती? २०२४ मध्ये असिस्टंट लोको पायलटच्या १८,७९९ जागा निघाल्या आणि उमेदवार होते १८ लाख ४० हजारांवर. एका जागेमागे ९८ जण. ‘लातूर पॅटर्न’चा गाजावाजा डॉक्टरकीच्या जागांसाठी होतो. पण ज्यांच्या घरी त्या शिकवण्यांचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी ही ९८ जणांमागे एकाची शर्यत तितकीच खरी आहे. शिवाय परीक्षा पास झाली म्हणजे झालं असंही नाही. वैद्यकीय तपासणी रेल्वेतली सगळ्यात कडक, ‘ए-वन’ दर्जाची. दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६ हवेत आणि लेसर शस्त्रक्रिया करून चष्मा घालवलेला असला तरी बाद. रात्र-रात्र वाचून परीक्षा काढायची आणि त्यातच डोळेही जपायचे.

आता पैसे. असिस्टंट लागतो लेव्हल दोनवर, मूळ वेतन १९,९००. पुढे शंटिंग वगैरे पायऱ्या चढून मालगाडीचा लोको पायलट झाला की लेव्हल सहा, मूळ वेतन ३५,४००. ‘रनिंग स्टाफ’ला, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्यांना, आणखी एक सवलत आहे. महागाई भत्ता काढताना मूळ वेतनात ३० टक्के मिळवून हिशेब होतो. म्हणजे ३५,४०० चे धरायचे ४६,०२०. त्यावर जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता काढला की होतात २६,६९२. मूळ वेतन आणि हा भत्ता मिळून ६२,०९२ रुपये. घरभाडे भत्ता वेगळा आणि गाडी जेवढे किलोमीटर धावेल त्याचा भत्ता वेगळा. त्या शेवटच्या भत्त्याला लॉबीत, म्हणजे ड्यूटीची हजेरी लागते तिथे, सगळे ‘माइलेज’ म्हणतात आणि महिनाअखेरीला गप्पा रंगतात त्या त्याच्याच.

गावाकडे हा आकडा कळला की मुलीकडचे लगेच होकार देतात. पगाराचा आकडा सगळे विचारतात. तो कशाने भागायचा, हे मात्र कोणी विचारत नाही.

साधा भागाकार करून बघू. नियमाप्रमाणे रनिंग स्टाफकडून दोन आठवड्यांत कमाल १०४ तास काम घेता येतं. तीस दिवसांचे झाले २२३ तास. ६२,०९२ भागिले २२३ केलं की तासाला २७८ रुपये पडतात. बरा आकडा आहे. पण हे २२३ तास कार्यालयातल्यासारखे सलग आणि एका जागी नसतात. समजा जाताना दहा तासांची ड्यूटी झाली, परगावच्या रनिंग रूममध्ये नियमाची किमान आठ तास विश्रांती घेतली आणि येताना पुन्हा दहा तासांची ड्यूटी झाली. कामाचे तास लागले वीस, घराबाहेर मात्र अठ्ठावीस. अशा अकराहून थोड्या जास्त फेऱ्यांतच महिन्याचा कोटा संपतो आणि घराबाहेरचे तास होतात ३१२. त्याने भागलं की तासाला उरतात १९९ रुपये. माइलेज जमेला धरला तर दोन्ही आकडे वर सरकतात, पण त्यांतलं अंतर मिटत नाही. आणि यात परतीची गाडी आठ तासांनी लगेच मिळते असं गृहीत धरलंय. नियमाने क्रूला मुख्यालयाबाहेर ७२ तासांपर्यंत ठेवता येतं.

माइलेजचंही असंच. भत्त्याचा गाभा किलोमीटर आहे. उभ्या वेळेसाठी वेगळे नियम आहेत, पण पैसा खरा धावण्यात. देशात मालगाडीचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. इंजिनात ताकद नाही म्हणून नव्हे. वाट मोकळी मिळत नाही म्हणून. परभणी ते मुदखेड दुहेरी मार्ग झाला, पण परभणीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळायला जुलै २०२५ उजाडला. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीने लूप लाइनला थांबायचं, आणि ती थांबणारी बहुतेक वेळा मालगाडीच असते. मागून एक्स्प्रेस आली तरी थांबायचं तिनेच.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण लातूरकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. ११ एप्रिल २०१६ रोजी सकाळी अकराच्या सुमारास दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी सुटली ती दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास लातूरला लागली. अंतर ३४२ किलोमीटर, वेळ अठरा तास. ताशी एकोणीस किलोमीटर. तहानलेल्या शहराकडे निघालेल्या गाडीची ही गत, तर सिमेंटच्या रेकची काय असेल! लोको पायलटची प्रत्यक्ष गाडी चालवण्याची मर्यादा नऊ तास आणि साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत अकरा. म्हणजे त्या एका खेपेलाही एक जोडी पुरणारी नव्हती.

त्या पहिल्या गाडीत दहा टँकर होते, प्रत्येकी पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजार, म्हणजे माणशी जेमतेम १.३ लिटर पाणी. पुढे पन्नास टँकरची गाडी सुरू झाली तेव्हा ते साडेसहा लिटर झालं. एकूण १११ खेपा, २५ कोटी ९५ लाख लिटर. जाऊन-येऊन अंतर मोजलं तर जवळपास ७६ हजार किलोमीटर, पृथ्वीला पावणेदोन फेऱ्यांहून जास्त. ज्या मार्गावरून हे घडलं तो मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांवर एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको, असा नियम घालून ती उभी केली. आज त्याच वाटेने जाणाऱ्या वाघिणीच्या एका आसावर २२.९ टनांपर्यंत भार येऊ शकतो. भार साडेचार पट झाला. गाडी सांभाळणारं माणसाचं शरीर मात्र तेव्हाचंच आहे.

त्या शरीराकडून काय अपेक्षा असते? ड्यूटीचा कॉल येतो दोन तास आधी. पूर्वी पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावात कॉलबॉय सायकलवर येऊन मध्यरात्री दार ठोठावायचा आणि वहीत सही घ्यायचा. आता फोन वाजतो. रात्री एकला वाजला तर तीनला लॉबीत. तिथे श्वासाची चाचणी, अंगठा, मार्गात कुठे वेग कमी ठेवायचा त्याचा सावधानता आदेश वाचून सही, वॉकीटॉकी, मग इंजिन ताब्यात घ्यायचं. त्या क्षणापासून रुळालगतचा प्रत्येक सिग्नल दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचा. डबा सोबत असतो, पण तो कधी उघडायचा हे सिग्नलच्या हातात. जेवण आणि लघवीसाठी ठरलेली सुट्टी द्या, ही मागणी एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने चालत्या कामात ते जमणारं नाही म्हणून नाकारली.

ताशी साठने धावणाऱ्या भरल्या गाडीत, इंजिनासकट ५,४४५ टन धरले तर, सुमारे २१० युनिट विजेइतकी ऊर्जा साठलेली असते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला ती दोन महिने पुरेल. एवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवायची म्हणून गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर घेते. चालकाला डुलकी लागू नये म्हणून इंजिनात यंत्र बसवलेलं असतं. साधारण मिनिटभर त्याने काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, आठेक सेकंदांनी भोंगा, आणखी आठेक सेकंदांनी ब्रेक आपोआप. म्हणजे सव्वा मिनिट, आणि तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटर पुढे गेलेली असते. पहाटे तीन ते पाच या वेळेत पाच सेकंद पापणी मिटली तरी ८३ मीटर जातात.

डोळे उघडे असूनही हाती काही उरत नाही, असंही होतं. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मजूर नांदेड विभागातल्या बदनापूर-करमाडदरम्यान रुळांवरच झोपले होते. मालगाडीच्या लोको पायलटने त्यांना पाहिलं, गाडी थांबवायचा प्रयत्न केला. गाडी थांबली नाही. १६ जण गेले. पगाराच्या स्लिपमध्ये अशा पहाटेचा रकाना नसतो.

आता वर आकाशात बघू. विमानाच्या पायलटसाठी २८ दिवसांत ड्यूटीची मर्यादा १९० तास. रेल्वेच्या हिशेबाने त्याच २८ दिवसांत २०८. फरक फार मोठा नाही. तो दिसतो विश्रांतीत. जुलै २०२५ पासून विमानाच्या पायलटला आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती देणं बंधनकारक झालं. आधी ती ३६ होती. मालगाडीच्या पायलटला महिन्यातून चार वेळा तीस तास, नाहीतर पाच वेळा बावीस. शनिवारी संध्याकाळी सहाला कुलूप लावून सोमवारी दहाला उघडणाऱ्या कचेरीतल्या कारकुनालासुद्धा चाळीस तास मिळतात. शिवाय मालगाडीला वेळापत्रक नाही. विमानाच्या पायलटला महिन्याचा रोस्टर हातात मिळतो, त्यात आजारपणाने आणि हवामानाने फेरफार होतील ते होवोत. इकडे मुलाच्या शाळेचं गॅदरिंग, धाकट्या बहिणीचा साखरपुडा, पेरणीचा दिवस, सगळ्यांचं उत्तर एकच: ‘कॉल नाही आला तर येतो.’

जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेतल्या लोको पायलटांनी आंदोलन केलं. मागणी पगारवाढीची नव्हती. नेहमीची मुख्यालयातली सोळा तास विश्रांती आणि त्यावर साप्ताहिक तीस, अशी सलग ४६ तास मिळावी, ही होती. फक्त सोळा तासांचा फरक. महिन्यातून चार वेळा म्हणजे ६४ तास. ७२० तासांच्या महिन्यात नऊ टक्के.

म्हणून या नोकरीचा फॉर्म भरताना घरात पगारासोबत दुसरा आकडाही कागदावर मांडावा. नोकरी वाईट नाही. सरकारी आहे, इमानाची आहे, आणि वर्षाला १६१ कोटी टन माल वाहणाऱ्या रेल्वेचा गाडा याच दोघा-दोघांच्या जोड्यांवर चालतो. कोरडवाहू सोयाबीनच्या भरवशावर बसण्यापेक्षा तासाला १९९ रुपये कधीही बरे. पण तो १९९ आहे, २७८ नाही, हे आधी ठाऊक असलेला पोरगा आणि त्याची बायको पुढची तीस वर्षं जास्त नीट काढतात.

उरला रेल्वेचा हिशेब. नऊ टक्के तास मोकळे करायचे तर ढोबळ मानाने तेवढ्याच जास्त जोड्या लागतील. त्या मिळणार नाहीत असं म्हणायला जागा नाही. एका जागेमागे ९८ जण रांगेत उभे आहेत. त्यांतल्या दोघा-चौघांना जास्तीचं घेतलं तर पाच हजार टनांची गाडी झोप झालेल्या माणसाच्या हाती राहील.