विभागाच्या पानावर तारीख सापडते का?

मागच्या जूनमध्ये शेजारची मुलगी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. बी. ए. झालेली, विद्यापीठात जाऊन एम. ए. करायची इच्छा. अर्जाची शेवटची तारीख कोणती, एवढंच तिला हवं होतं. विभागाचं संकेतस्थळ उघडलं. वर इमारतीचा फोटो, खाली विभागाचा इतिहास, मग विभागप्रमुखांचं मनोगत. ‘सूचना’वर बोट ठेवलं तर एक पीडीएफ उतरली, तीही आडवी स्कॅन केलेली. मोबाइल फिरवला की पानही फिरायचं. मान वाकडी करून तारीख वाचली, तर ती आदल्या वर्षीची निघाली. दुसऱ्या दिवशी विभागात फोन केल्यावर कळलं, चालू वर्षाची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

तिचा अर्ज गेला, कारण तिला विचारायला कोणीतरी होतं. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी विद्यापीठाची पायरी चढतंय, त्या घरातल्या मुलांनी कोणाला विचारायचं? म्हणून विभागाच्या पानावर काय लिहावं आणि कसं लिहावं, हा मला प्रवेशाइतकाच महत्त्वाचा विषय वाटतो.

पान उघडणारा माणूस प्रश्न घेऊन आलेला असतो. पात्रता काय, जागा किती, शुल्क किती, शेवटची तारीख कोणती, वसतिगृह मिळेल का, फोन कोणाला करायचा. ही उत्तरं सगळ्यात वर हवीत, साध्या वाक्यांत हवीत. इतिहास आणि मनोगत खाली खुशाल असू द्यावं. प्रवेश झाला की विद्यार्थी तेही वाचतील.

सूचना तयार कशी होते ते बघा. कार्यालयात ती संगणकावर टाइप होते. मग छापली जाते, जावक क्रमांक पडतो, सही होते, शिक्का बसतो, कागद स्कॅन होतो आणि ‘स्कॅन००१२’ अशा नावाने संकेतस्थळावर चढतो. टाइप केलेला मजकूर असा शेवटी चित्र होऊन बसतो. दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीएसारखं मोफत स्क्रीन वाचक सॉफ्टवेअर वापरतात. ते मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं, पण अशा चित्रापुढे ते बहुधा मुकं होतं. यावरचा उपाय खर्चाचा नाही. टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा पानावर टाकावा आणि सहीशिक्क्याची प्रत खाली जोडावी. मथळा नुसता ‘सूचना’ नको, ‘एम. ए. मराठी प्रवेश २०२६-२७ : अर्जाची मुदत’ असा असावा.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे, फॉन्टची. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कार्यालयातल्या संगणकावर सुरेख दिसतो. तोच पानावर चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होतो. युनिकोड या अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीत देवनागरी १९९१ पासून आहे. आज जवळपास प्रत्येक मोबाइलवर ती चालते. तेव्हा नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहिला जावा, यात तडजोड नको.

‘येथे क्लिक करा’ हे शब्द तर काढूनच टाकावेत. स्क्रीन वाचक वापरणारे अनेकदा पानावरच्या सगळ्या लिंकची यादी एकत्र ऐकतात. त्यांना दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू आलं, तर त्यातली शुल्काची कोणती आणि अभ्यासक्रमाची कोणती, हे कळणार कसं? ‘शुल्काचा तक्ता’ एवढं लिहिलं की काम होतं. फाइलींच्या नावांचंही तसंच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अभ्यासक्रम बदलले आणि जुन्यानव्या फाइली शेजारीशेजारी पडून आहेत. त्यांतली कोणती कोणत्या तुकडीला लागू, ही एक ओळ विद्यार्थ्याचं सत्र वाचवू शकते.

अशी माहिती देणं ही काही विभागाने विद्यार्थ्यांवर केलेली मेहेरबानी नव्हे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती आपणहून जाहीर करायची असते, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करायचा असतो. दिव्यांगांनाही माहिती मिळाली पाहिजे, हे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. तरीही कित्येक विभागांची पानं फक्त इंग्रजीत आहेत. ज्या विभागात मराठी माध्यमातून आलेली मुलं शिकतात, त्याच्या प्रवेशाचं पान तरी मराठीत असायलाच हवं.

खरी अडचण माणसाची आहे. पान कोणाच्या ताब्यात आहे, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलंच नसतं. नॅक या संस्थेकडून मूल्यांकन होणार म्हटलं की रातोरात सगळं अद्ययावत होतं, आणि ते झालं की पुन्हा धूळ बसते. एका प्राध्यापकाकडे आणि एका लिपिकाकडे हे काम लेखी द्यावं, त्यासाठी त्यांच्या कामाच्या वेळेतले तास धरावेत. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख असावी. मुदत संपलेली सूचना ‘जुन्या सूचना’त हलवावी.

विभागप्रमुखांना एकच विनंती आहे. उद्या सकाळी कार्यालयातला संगणक बाजूला ठेवा आणि आपल्या विभागाचं पान स्वतःच्या मोबाइलवर उघडा. अर्जाची तारीख, शुल्क आणि फोन नंबर शोधा. दोन मिनिटांत सापडलं नाही, तर त्याच दिवशी ते पान दुरुस्त करायला बसा.