बिस्कीट गोड लागलं, म्हणजे शुगर नॉर्मल?

रविवारची रात्र. मेस बंद. खोलीवर आम्ही तिघी, टपरीवरून आणलेला चहा आणि मोबाइलवर एक रील. रीलमधला फिट माणूस सांगत होता, बिनसाखरेचं, बिनमिठाचं क्रॅकर बिस्कीट तोंडात टाका, न गिळता चावत राहा आणि चव बदलून गोडसर लागली की घड्याळ थांबवा. १४ सेकंदांच्या आत गोड लागलं तर भात-पोळी बिनधास्त खा. १५ ते ३० सेकंद लागले तर बेतानं. त्याच्याही पुढे गेलात तर कार्ब्ज तुमच्यासाठी नाहीतच!

तुम्हीही कधीतरी केली असेल ना अशी टेस्ट? आम्ही लगेच केली. मी ३८ सेकंद, म्हणजे नापास. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यातल्या पोळ्या रूममेटच्या ताटात जायला लागल्या. दहा दिवसांत मी दुपारच्या लेक्चरला पेंगायला आणि सगळ्यांवर खेकसायला लागले. माझं नुकसान एवढंच.

खरी गडबड पास झालेल्या रूममेटकडे झाली. तिनं हौसेनं गावी फोन करून बाबांनाही टेस्ट करायला लावली. गावच्या दुकानात बिनसाखरेचं क्रॅकर कुठलं मिळायला? काकांनी चहासोबतचं ग्लुकोज बिस्कीट घेतलं. ते गोड लागणारच! काका पास. रात्री चार-चारदा उठावं लागतंय, सारखी तहान लागतेय, म्हणून काकू सहा महिने ‘रक्त तपासा’ म्हणून मागे लागल्या होत्या. आता काकांना उत्तर सापडलं, ‘पोरीनं टेस्ट केली, मला काही नाही.’ पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा एचबीएवनसी निघालं ९.२. निदान ६.५ लाच होतं.

तुम्ही म्हणाल, बिस्कीट चुकीचं घेतलं, त्यात टेस्टचा काय दोष? बरोबर बिस्कीट घेतलं असतं तरी गोष्ट फार बदलली नसती. का, ते बघू.

ही टेस्ट शॅरन मोअलेम या डॉक्टरांच्या ‘द डीएनए रीस्टार्ट’ या २०१६ च्या पुस्तकामुळे गाजली. मागचं विज्ञान अगदीच हवेतलं नाही. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्टार्च तोडून त्याची साखर करतं. शाळेत आयोडिनचा प्रयोग केला होता, आठवतोय? ते अमायलेज बनवणाऱ्या जीनच्या प्रती कुणाकडे दोन-तीन, तर कुणाकडे दहापेक्षा जास्त असतात. पिढ्यान्‌पिढ्या भरपूर स्टार्च खाणाऱ्या समाजांत त्या सरासरीनं जास्त आढळतात, हे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवलं. या प्रती कमी असतील तर लठ्ठपणाचा धोका जास्त, असं २०१४ च्या एका अभ्यासात आलं. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं जास्त अचूक पद्धतीनं मोजलं, तर तो संबंध सापडलाच नाही. रीलवाले २०१४ वरच थांबलेत.

शिवाय घास तोंडात असतो किती वेळ? स्टार्च पचवण्याचं मुख्य काम पुढे लहान आतड्यात, स्वादुपिंडातून येणारं अमायलेज करतं. आणि साखर रक्तात गेल्यावर तिचं काय होतं, हे इन्सुलिन, यकृत आणि स्नायूंवर ठरतं. डायबेटिसचा घोळ तिथे असतो, जिभेवर नाही. तोंड कोरडं असेल, नुकताच चहा झाला असेल, तर सेकंदही बदलतात.

सेलिब्रिटींच्या गोष्टींमुळे अशा टेस्टना आणखी वजन येतं. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचनं ‘सर्व्ह टू विन’ या २०१३ च्या पुस्तकात लिहिलंय, की २०१० मध्ये एका डॉक्टरनं त्याला पोटावर पावाचा तुकडा धरायला लावला आणि दुसरा हात पसरवून खाली दाबला. पाव असताना हात कमजोर पडला. मग त्यानं ग्लुटेन सोडलं आणि २०११ मध्ये तीन ग्रँड स्लॅम जिंकली. भारी स्टोरी! पण हातात काय आहे हे तपासणाऱ्याला आणि तपासून घेणाऱ्याला दोघांनाही माहीत नसतं, अशा प्रयोगांत ही हाताची टेस्ट अंदाजापलीकडे जात नाही. आणि ग्लुटेन हे प्रथिन आहे, कार्ब्ज नव्हे. तांदळात आणि ज्वारीत ते नसतंच. गव्हाचा त्रास होतोय असं वाटत असेल, तर पोळी सोडण्याआधी डॉक्टरांकडे जा. आधीच गहू बंद केला, तर सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

मग काय करायचं? साधं आहे. उपाशीपोटी शुगर १०० च्या खाली आणि एचबीएवनसी ५.७ च्या खाली असेल तर नॉर्मल. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ च्या पुढे गेलं, तर डॉक्टर पुन्हा तपासून डायबेटिस ठरवतात. मधला पट्टा सावध व्हायचा. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांचा हिशेब देतं, त्यामुळे आदल्या दिवशी जिलेबी टाळून ते फसत नाही. तिशीपुढच्यांची शुगर सरकारी आरोग्य केंद्रातही तपासतात.

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यातलं कुणीतरी आपल्या घरातही असू शकतं.

काका आता गोळ्या घेतात, सकाळी चालतात. रूममेटनं ते रील सेव्ह लिस्टमधून काढलंय. मी पुन्हा दोन पोळ्या खाते आणि लेक्चरला जागी असते. आज रात्री घरी फोन केलात, तर ‘जेवलात का?’च्या पुढे एवढंच विचारा, ‘शुगर शेवटची कधी तपासली?’ उत्तर देताना पलीकडचा जरा घुटमळला, तर तारीख ठरवल्याशिवाय फोन ठेवू नका.