७३ टक्के जागरूक, ३५ टक्के उदासीन?

मार्च २०२४. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी संघासाठी ७३ टक्के मतदान झालं. सहा महिन्यांनी त्याच शहरात, दिल्ली विद्यापीठात, जेमतेम ३५ टक्के. एक विद्यापीठ जागरूक, दुसरं उदासीन, असं म्हणून मोकळं होता येतं. पण जेएनयूचे मतदार ७,७५१, तर दिल्ली विद्यापीठाचे १ लाख ४५ हजारांच्या आसपास. म्हणजे ‘उदासीन’ विद्यापीठात सुमारे ५१ हजार जणांनी मत दिलं, जेएनयूच्या नऊपट.

फरक मला विचारांपेक्षा राहण्याचा वाटतो. जेएनयूत विद्यार्थी हॉस्टेलवर राहतात. प्रचार रात्री मेसमध्ये जेवता जेवता होतो, अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादसभा रंगते. दिल्ली विद्यापीठातले बहुसंख्य तास संपला की मेट्रो पकडतात. त्यांना गाठायला गाड्यांचे ताफे आणि पत्रकांचा पाऊस. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराला खर्चाची मर्यादा घातली ५,००० रुपये! २०२४ मध्ये शहराच्या भिंती इतक्या रंगल्या की उच्च न्यायालयाने मतमोजणीच रोखली. २७ सप्टेंबरच्या मतदानाचा निकाल २५ नोव्हेंबरला लागला.

त्या निकालात काँग्रेसच्या विद्यार्थी संघटनेचा, एनएसयूआयचा, उमेदवार २०,२०७ मतं घेऊन अध्यक्ष झाला. आघाडी १,३४३ची, नोंदलेल्या शंभरांतल्या चौदांचं मत. पुढच्या सप्टेंबरात संघपरिवारातल्या अभाविपने तेच पद १६,१९६च्या आघाडीने घेतलं. याला विचारांची लाट म्हणायला मी धजावणार नाही. दरवर्षी एक तुकडी बाहेर पडते, नवी येते. शिवाय २०२४ मध्ये एकाच दिवशी चार पदं दोन्ही संघटनांत दोन-दोन वाटली गेली. काही हजार मुलांनी तरी संघटना नव्हे, माणूस पाहिला.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी आणखी एक आकडा गाजला: दिल्लीतल्या १८-१९ वयाच्या अंदाजित लोकसंख्येपैकी मतदारयादीत नाव जेमतेम २१ टक्क्यांचं. इथेही पत्त्याचा घोळ आहेच. हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, पण पाटण्याहून किंवा नांदेडहून आलेल्या मुलाचं नाव, असलंच तर, बहुधा गावच्या यादीत असतं.

महाराष्ट्रात तुलनेला आकडाच नाही. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका थांबवल्या, २०१६च्या कायद्याने परत आणल्या, आणि २०१९ मध्ये त्या विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या.