ईदची बैठक

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले, की बाजारात शेवयांच्या शेजारी गालिचे, पडदे आणि उशांचे अभ्रे दिसू लागतात. ईदला शिरखुर्म्यासाठी सर्व धर्मांचे शेजारी येणार, तेव्हा बैठक नीटनेटकी हवी, असे प्रत्येक घराला वाटते. पण जाड गालिच्यावर सरबत सांडले, तर तो घरी धुणे कठीण.

म्हणून जाणत्या गृहिणी सुती सतरंजी किंवा सोलापुरी चादर पसंत करतात. या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंग उलटतात. एक बाजू इफ्तारला वापरावी, दुसरी ईदला! घेताना ओला पांढरा रुमाल कडेवर घासून पाहावा. रंग लागला, तर सुरुवातीला चादर वेगळी धुवावी. पडद्यांतला एखादा रंग चादरीत असला, की जुनेच पडदे खुलून दिसतात.

मात्र खरेदीच्या यादीआधी फितरा बाजूला काढावा. ईदच्या नमाजापूर्वी तो गरजूंच्या हाती पडायला हवा. उशीर झाला, तर आपली बैठक सजते. त्यांच्या घरची ईद मात्र हुकते.